अडथळ्यांची नोंदवही

पूल, मेट्रो किंवा धरणाच्या कामावरून वाद लवादापुढे जातो, तेव्हा दाव्यातली सर्वांत मोठी रक्कम बहुधा थकलेल्या बिलांची नसते, ती उशिराची असते. दोन वर्षांचे काम पाच वर्षे चालले, यंत्रे उभी राहिली, लोखंड-सिमेंटचे भाव चढले; हा भुर्दंड कोणी सोसायचा? करार कायदा १८७२ सालचा असला तरी याबाबत तो स्पष्ट आहे. कलम ५५ चा अर्थ साध्या भाषेत असा, की समोरच्याने उशीर केला आणि तुम्ही तो चालवून घेतलात, तर भरपाई मागणार असल्याची नोटीस त्याच वेळी द्यायला हवी. नुकसान किती झाले हेही दाखवावे लागते. बाटलीबॉय विरुद्ध हिंदुस्थान पेट्रोलियम या मुंबईतल्या कामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावले, की उशिराचे नुकसान मोजण्याचे हडसनचे सूत्र लावून आकडा काढला म्हणजे नुकसान सिद्ध झाले असे नाही. दोन्ही गोष्टींचा पुरावा एकाच जागी तयार होतो, तो म्हणजे साइटवर, त्या-त्या दिवशी. म्हणून माझे म्हणणे असे, की वाद सोडवण्याची व्यवस्था सुधारायची तर सुरुवात साइटवरूनच करावी लागेल.

सरकारी कामांवर हिंडरन्स रजिस्टर ठेवतात. अडथळा कोणता, कधी सुरू झाला, कधी दूर झाला, दुसऱ्या अडथळ्याशी किती दिवस जुळले, निव्वळ दिवस किती, आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या सह्या. समजा, खात्याने द्यायचे पायाचे ड्रॉइंग १ मे ते १५ जुलै असे ७६ दिवस अडकले. त्यातच १६ जून ते ३१ जुलै ठेकेदाराचे पायलिंगचे यंत्र बंद होते, म्हणजे ४६ दिवस. दोन्ही बेरजा करून कोणी १२२ दिवस मागेल, पण ३० दिवस सामाईक आहेत. उरतात खात्याचे ४६ आणि ठेकेदाराचे १६. सामाईक दिवसांची मुदतवाढ साधारणपणे मिळते, पैसे मिळत नाहीत. ही वजाबाकी ऑगस्टमध्ये करायला अर्धा तास पुरतो. सात वर्षांनी तीच करायला दोन्हीकडचे डिले एक्स्पर्ट, जाडजूड अहवाल आणि उलटतपासणीच्या कित्येक बैठका लागतात, आणि तोवर शाखा अभियंत्याची तीनदा बदली झालेली असते.

यावर खात्यातले लोक म्हणतात, की सही केली तर उद्या ऑडिटचा आक्षेप आणि दक्षता चौकशी आमच्याच मागे लागेल. ही भीती खरी आहे आणि तिला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. म्हणूनच मुदतवाढ ‘हक्क अबाधित ठेवून’ दिली जाते आणि दोष कोणाचा हे मोघम राहते. पण ‘अमुक तारखेला ड्रॉइंग मिळालेले नव्हते’ ही कबुली नव्हे, वस्तुस्थिती आहे. पैसे देय आहेत की नाहीत हा निर्णय वेगळा, आणि तो त्या अभियंत्याच्या डोक्यावर टाकूच नये. दुसरा आक्षेप असा, की ठेकेदार पहिल्या दिवसापासून दाव्यासाठीच पत्रे लिहितात. लिहितात, हे खरेच. पण त्या पत्राला आठवड्यात मुद्देसूद उत्तर गेले तर ते तिथेच निकामी होते. उत्तर गेले नाही तर लवादापुढे तेच एकमेव पत्र उरते.

निर्णय मग कोणी द्यायचा? फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नमुना करारांत त्यासाठी डिस्प्यूट बोर्ड असते. ते कामाच्या आरंभीच नेमायचे, त्याने दर १४० दिवसांत किमान एकदा साइटवर यायचे आणि वाद समोर आल्यावर ८४ दिवसांत निर्णय द्यायचा. खर्च होतो, हे मान्य. पण वाद लांबला की काय होते, यासाठी दिल्लीच्या विमानतळ मेट्रोचा वाद पाहा. गर्डर-बेअरिंगचे दोष नव्वद दिवसांत दूर करा, अशी नोटीस चालक कंपनीने दिल्ली मेट्रोला जुलै २०१२ मध्ये दिली. परिणामकारक पावले उचलली गेली का, हा कळीचा प्रश्न होता. लवादाने २०१७ मध्ये कंपनीला सुमारे २,७८२ कोटी रुपये आणि व्याज मंजूर केले. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी निवाडा राखला, खंडपीठाने रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो पुन्हा उभा केला आणि १० एप्रिल २०२४ रोजी क्युरेटिव्ह याचिकेवर त्याच न्यायालयाने मोडीत काढला. मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांचे प्रमाणपत्र लवादाने गैरलागू मानले, हे न्यायालयाला पटले नाही. अभियांत्रिकीच्या एका प्रश्नावर बारा वर्षे गेली. त्यानंतर जूनमध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सरकारी खरेदी-करारांत लवाद शक्यतो दहा कोटींखालच्या वादांपुरता ठेवण्याची सूचना काढली. लवादाबद्दलची नाराजी मी समजू शकतो, पण मोठे वाद दिवाणी न्यायालयात नेल्याने २०१२ सालची साइट पुन्हा पाहता येत नाही.

आज एखाद्या कामावर असलेल्या कनिष्ठ अभियंत्याने आणि ठेकेदाराच्या साइट इंजिनीअरने हे वाचले, तर त्यांना विनंती एवढीच, की अडथळ्याची तारीख आजच लिहा आणि दोघांनी खाली सही करा.