कर्किडकातील चादरी

दरवर्षी मे महिना संपत आला की देशभरातील वृत्तपत्रांचे लक्ष केरळच्या किनाऱ्याकडे लागते. मोसमी पावसाने १ जूनच्या सुमारास तेथे पोहोचावे, हा हवामान खात्याचा सरासरी हिशेब. २०२५ साली तो २४ मे रोजीच येऊन थडकला आणि त्याच्या घाईची चर्चा पुढे कितीतरी दिवस चालली. किती मिलिमीटर पडला, कोणते धरण किती भरले, हे आकडे मग रोज छापून येतात. त्याच पत्रकाच्या एका कोपऱ्यात सापेक्ष आर्द्रतेचाही आकडा असतो. तो नव्वदीच्या घरात असतो आणि त्याची बातमी कधीच होत नाही. घराच्या आत मात्र पावसापेक्षा त्या आकड्याचेच राज्य चालते. मीठ पाझरते, पापड सादळतो, पुस्तकांच्या कडा फुगतात आणि रात्री अंथरुणावर पाठ टेकली की चादर अंगाला थंडगार, किंचित चिकट लागते.

त्या चादरीवर पाणी कोणी सांडलेले नसते. सुती कापड हे कधीही पूर्ण कोरडे नसतेच. वीस-एकवीस अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता अशा प्रमाणित हवेत कापसाने आपल्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरलेले असते, असे व्यापारात मानले जाते. कापसाची खरेदी-विक्री वजनावर होत असल्याने हा आकडा ठरवणे भागच होते. नाहीतर व्यापारी पाणीच विकत बसले असते. पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का पाणी धरते, तर लोकर सोळा टक्क्यांच्या आसपास. कर्किडक महिन्यात, म्हणजे केरळच्या सौर पंचांगातील जुलै-ऑगस्टच्या त्या ओल्या दिवसांत, सहाशे ग्रॅमच्या सुती चादरीत नेहमीपेक्षा साधारण दोन मोठे चमचे पाणी अधिक असते. माणसाच्या त्वचेत ओलावा ओळखणारे स्वतंत्र ग्राहक नाहीत. गारवा आणि स्पर्श या दोहोंवरून मेंदू ओलीचा अंदाज बांधतो. दमट कापड शरीराची उष्णता लवकर ओढून घेते, म्हणून ते ओले ‘वाटते’. आणि बहुतेक वेळा हा अंदाज बरोबर असतो.

तंतूंमधल्या सूक्ष्म फटींची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. वक्र पृष्ठभागावरील पाण्याचा बाष्पदाब सपाट पृष्ठभागाहून वेगळा असतो, हे लॉर्ड केल्विन यांनी १८७१ साली दाखवले. त्यांच्या सूत्रात आकडे घातले तर हवा ६० टक्के आर्द्र असताना सुमारे दोन नॅनोमीटर त्रिज्येपर्यंतच्या फटींतच पाणी द्रवरूपात टिकते. ९० टक्क्यांना ही मर्यादा दहा नॅनोमीटरवर जाते आणि ९९ टक्क्यांना शंभरावर. म्हणजे शेवटचे काही टक्के सर्वांत महागात पडतात. ८५ वरून ९५ वर जाणे आणि ५५ वरून ६५ वर जाणे या दोन्ही पायऱ्या कागदावर सारख्याच उंचीच्या दिसतात, कापडाला मात्र त्या तशा नसतात.

हे सारे केवळ गैरसोयीपुरते असते तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. कुट्टनाडमधील एका घराचे उदाहरण घ्यावे. समुद्रसपाटीपेक्षाही खाली असलेल्या भातखाचरांच्या या प्रदेशात जुलैमध्ये पाणी अंगणापर्यंत येते. घरात पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले वडील आणि त्यांची शुश्रूषा करणारी मुलगी, वय पन्नाशीच्या आसपास. चादरी चार. दिवसाला कधी दोन, कधी तीन बदलाव्या लागतात. केरळात घरोघरी जाऊन रुग्णसेवा करण्याची जी पद्धत रुजली आहे, तिची सुरुवात १९९३ साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा उपक्रमापासून झाली. २००८ साली राज्याने त्यासाठी धोरणच आखले आणि आता पंचायतींच्या परिचारिका ठरलेल्या दिवशी दारात येतात. या घरी येणारी सिस्टर चहा घेण्याआधी चादरीवरून हात फिरवायची. “चेच्ची, चादर बदलली का हे मी विचारत नाही,” ती म्हणायची, “सुकली होती का, एवढेच सांगा.”

प्रश्न योग्यच होता. एकाच जागी सतत दाब पडला की तेथील रक्तप्रवाह अडतो आणि शय्याव्रण होते, हे सर्वश्रुत आहे. म्हणूनच रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायला सांगतात. ओलीचा वाटा मात्र दुर्लक्षित राहतो. ओलसर त्वचा मऊ पडते आणि कापडाशी तिचे घर्षण वाढते. रुग्णाला जरा वर सरकवले की कोरडी कातडी चादरीवरून घसरते, तर ओली कातडी चादरीला धरून बसते आणि आतले ऊतक मात्र पुढे सरकते. वडिलांच्या माकडहाडावर बोट दाबले तरी न फिटणारा लाल डाग दिसला, तेव्हा सिस्टर काही क्षण बोललीच नाही.

आता त्या घरातील वाळवण्याचा प्रश्न आकड्यांत मांडून पाहावा. तीन मीटर लांब, तीन रुंद आणि तीन उंच अशी खोली, म्हणजे सत्तावीस घनमीटर हवा. २८ अंशांना एक घनमीटर हवेत फार तर २७ ग्रॅम बाष्प मावते. म्हणून संपूर्ण खोलीची क्षमता सुमारे ७३५ ग्रॅम. हवा आधीच ८५ टक्के भरलेली असेल तर शिल्लक जागा राहते ती अवघी ११० ग्रॅमची. हाताने पिळलेली सुती चादर जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके, म्हणजे सहाशे ग्रॅम पाणी बाळगते. थोडक्यात, दारे-खिडक्या लावून त्या खोलीत एक चादरसुद्धा वाळू शकत नाही. वर पंखा कितीही गरगरला तरी तो तीच हवा ढवळत राहतो. सहाशे ग्रॅम पाणी सामावून घ्यायला त्या खोलीएवढी साडेपाच खोल्या हवा बाहेरून यावी लागेल. बाष्पीभवनाने हवा थंड होते, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही अधिक. पाऊस आत येईल या भीतीने खिडकी बंद करणारी घरे नेमकी येथे चुकतात. बाहेरची हवा दमट खरी, पण भरलेली नसते. बंद खोलीतली भरलेली असते.

त्या मुलीने हे गणित केले नव्हते, पण तिचे हात त्याच उत्तरापाशी पोहोचले. शेजारच्या घरी कपडे धुण्याचे यंत्र होते. तेथे चादरी फक्त पिळायला नेण्याची परवानगी तिने मागून घेतली. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २४ लाख ज्यूल ऊर्जा लागते. तेच पाणी गरगर फिरवून बाहेर फेकायला त्याचा एक किरकोळ अंश पुरतो. चार मिनिटांच्या फिरकीत चादरीतले जवळजवळ निम्मे पाणी जाते आणि विजेच्या एका युनिटचा शंभरावा भाग खर्च होतो. मग समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या आणि टेबलपंखा खिडकीकडे पाठ करून नव्हे, तोंड करून: ओली हवा बाहेर ढकलणारा. याहूनही महत्त्वाचा बदल म्हणजे जाड चादरींचा हट्ट तिने सोडला. घरातली जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली मुंडू तिने कमरेखालच्या भागापुरती आडवी अंथरायला घेतली. दीडशे ग्रॅमच्या पातळ कापडात पाणी राहणार ते तेवढेच. ओले झाले की तेवढेच बदलायचे. अच्छनांना वळवताना सुरकुती पडू नये म्हणून तिची टोके गादीखाली खोवलेली असत. शेवटचा हात इस्त्रीचा. सुमारे पंधरवड्याने तो डाग मावळला. श्रेय एकट्या कापडाला देता येणार नाही. दर दोन तासांनी वळवणेही त्यात होतेच.

इस्त्रीविषयी एक जुने संशोधन येथे आठवते. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये अर्कुहार्ट आणि विल्यम्स या दोघांनी १९२४ साली दाखवले की एकाच हवेत ठेवलेला कापूस कोणत्या वाटेने तेथवर आला त्यावर त्याच्यातले पाणी अवलंबून असते. ओल्याकडून वाळत आलेला कापूस अधिक पाणी धरून ठेवतो, अगदी कोरड्याकडून आलेला कमी. म्हणजे कापडाला आपला इतिहास आठवतो. दोरीवर ‘वाळली असेल’ म्हणून काढलेली चादर आणि इस्त्रीने कडक वाळवून मग त्याच खोलीत ठेवलेली चादर या दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या तरी पहिली किंचित अधिक ओलीच राहते. योगायोगाने त्याच १९२४ साली मुंबईत माटुंग्याला कापसाच्या तंतूंचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा सुरू झाली. आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था ती हीच.

कुबट वासाचे गूढ मात्र फार उशिरा उकलले. जपानी संशोधकांनी २०१२ साली घरात वाळवलेल्या कपड्यांमधून ‘मोराक्सेला ओस्लोएन्सिस’ हा जिवाणू वेगळा केला आणि ओल्या फडक्यासारखा तो वास त्याने तयार केलेल्या एका मेदाम्लाचा आहे हे दाखवून दिले. हा जीव चिवट आहे: वाळवणे आणि अतिनील किरणे दोन्ही तो बऱ्यापैकी सोसतो. त्यामुळे एकदा वास धरलेली चादर नुसती उन्हात टाकल्याने सुधारतेच असे नाही. भिजताच तो पुन्हा येतो. तिला उकळत्या पाण्याची किंवा इस्त्रीची धग लागते. आपल्याकडच्या धोब्यांच्या भट्टीत हे पूर्वीपासून होत आलेले आहे. उन्हात वाळलेल्या कपड्यांच्या प्रसन्न वासालाही आता रसायने सापडली आहेत. कोपनहेगन येथे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओले टॉवेल उन्हात वाळवले असता त्यांवर नोनॅनलसारखी अल्डिहाइडे तयार होताना दिसली. वाळ्याची मुळे किंवा धूप यांनी पेटीला सुगंध येतो, पाणी जात नाही.

बुरशीचा प्रताप तर त्याहून मोठा. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि पट्टे सडून जाऊ लागले. त्या कापडावरून वेगळी केलेली एक बुरशी पुढे ‘ट्रायकोडर्मा रीसाय’ या नावाने प्रसिद्ध झाली. कापूस खाऊन टाकणारे तिचे विकर आज सेल्युलोजपासून साखर मिळवण्याच्या उद्योगाचा पाया आहेत. पानिपतला २०२२ साली सुरू झालेला, भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प त्याच वाटेवरचा. ज्या दमटपणाने चादरीवर काळे ठिपके पडतात, त्यानेच हे ज्ञान दिले, हे गृहिणींना सांगून मात्र समाधान वाटणार नाही.

कपाटात ठेवलेल्या चादरींचे काय? पूर्वी दमट शहरांतले लोक कपाटात पंधरा वॅटचा दिवा लावून ठेवत. २८ अंशांची ८५ टक्के आर्द्र हवा फक्त पाच अंशांनी तापवली की तीच हवा ६४ टक्क्यांवर येते आणि बुरशीची वाढ खुंटते. आजचे एलईडी दिवे इतके काटकसरी की ते हे काम करीत नाहीत, शिवाय कापडाजवळ जुना दिवा ठेवण्यात आगीचा धोका होताच. डांबरगोळ्यांविषयी मात्र स्पष्ट बोलायला हवे. नॅफ्थॅलीनने किडे दूर राहतात, ओल जात नाही. ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या नवजात बाळाला अशा गोळ्यांत ठेवलेले पांघरूण गुंडाळले तर त्याच्या लाल रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. भारतातील काही समाजांत ही कमतरता विरळ नाही आणि जन्मतः ती ठाऊक असतेच असेही नाही. बाळंतिणीच्या खोलीतील कपडे या गोळ्यांपासून दूरच असावेत. पेटीतून काढलेले पांघरूण आधी धुवावे, मग उन्हात घालावे.

फोर्ट कोचीच्या वेली भागातील धोबीखान्यात तमिळ वण्णार समाजाची कुटुंबे पिढ्यानपिढ्या हेच काम करतात. तेथे दोऱ्यांना चिमटे नसतात. दोन काथ्यांचे पीळ सैल करून त्यांच्या मध्ये कापडाचे टोक अडकवले की झाले. वारा कितीही असो, चादर सुटत नाही, आणि दोन्ही बाजूंना हवा मोकळी फिरते. पावसाची सर आली की सगळे धावतात. काही मिनिटांत मैदान रिकामे होते, आतल्या टेबलांवर इस्त्र्या तापू लागतात, आणि अर्धवट वाळलेल्या चादरींतून वाफा निघत राहतात.