पाचव्या-सहाव्याच्या मधली

मानेत मणके सात. पहिल्या दोघांमध्ये गादी नाही. त्यांच्याखाली मात्र प्रत्येक जोडीत एकेक ठाण मांडून बसलेली. त्यांतली सगळ्यात कटकटी कोण म्हणाल, तर पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या मधली. तिच्या खालची धाकटीही काही कमी नाही, पण आज ओळख करून द्यायची ती हिची.

बाई कष्टाळू, यात वाद नाही. साडेचार-पाच किलोचं डोकं पेलायचं आणि वर ते हवं तिकडे वळूही द्यायचं. मालवणच्या बंदरावर मासळीची टोपली घेणारीची चुंबळ सगळ्यांना दिसते. ही आतली चुंबळ कुणाच्या गावीही नसते. बाहेरून चिवट तंतूंची कडी, आत मऊ गर. रक्तपुरवठा जवळजवळ नाहीच. म्हणून एकदा फाटली की पहिल्यासारखी सांधत नाही.

दुखावली तरी स्वतः बोलणार नाही. शेजारच्या नसेला पुढे करील. कळ खांद्यातून निघते, मुंग्या अंगठ्याला आणि तर्जनीला येतात. माणूस महिनाभर खांद्याला तेल चोळत बसतो. "खांदो नाय गो, मान दाखव," असं कुणी जाणत्यानं सांगेपर्यंत हिचं नावही निघत नाही. हात डोक्यावर ठेवला की नस सैल पडते, बरं वाटतं. मग मासळीच्या लिलावाच्या वेळी डोक्याला हात लावून उभी असलेली बाई दिसली की शेजारीण विचारते, "काय गो, गिऱ्हाईक नाय काय?"

फोटोची हौस दांडगी. एमआरआयमध्ये अशी फुगून बसते की पाहणाऱ्याला धडकी भरावी. पण चाळिशी ओलांडलेल्या, काहीही न दुखणाऱ्या कित्येकांच्या मानेतही ती तशीच दिसते. फोटो आणि तक्रार जुळल्याशिवाय सुरीचं नाव काढू नये.

रुसवा बहुधा काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत निवळतो. गोळ्या, व्यायाम, थोडा धीर एवढ्यावर भागतं. न्हाव्याच्या खुर्चीत कडकन मान मोडून घेणं मात्र तिला बिलकूल खपत नाही.

तरीही ऐकलं नाही, तर ओरोसच्या सरकारी रुग्णालयातून गाडी गोव्यात बांबोळीला, कोल्हापूरला नाहीतर मुंबईला जाते. तिथे तीन वाटा निघतात.

पहिली, तिला समूळ काढायचं. गळ्याच्या पुढून शिरायचं, जागी पिंजरा किंवा हाडाचा तुकडा बसवायचा आणि दोन मणके एकजीव होऊ द्यायचे. १९५०च्या दशकापासून चाललेली, खात्रीची रीत. काही दिवस आवाज बसतो, घास अडखळतो. विडी ओढणाऱ्याची हाडं जुळायला कुरकुरतात. तिच्या वाटचं काम वरखालच्या बहिणींवर पडतं आणि पुढे कधी त्याही कुरबुरू लागतात.

दुसरी, तिच्या जागी हलती कृत्रिम गादी बसवायची. अमेरिकेत २००७ साली मान्यता मिळालेली ही नवी सून. हाताची कळ थांबवण्यात पहिलीच्या तोडीची, शिवाय मान वळती ठेवते. पण खर्चिक, आणि मागचे सांधे झिजलेले किंवा हाडं ठिसूळ असली तर त्या घरात नांदत नाही.

तिसरी, मागून लहानशी खिडकी पाडून नसेपुरती जागा करून द्यायची. बाई घरातच राहते, मानही वळते. पण ती कडेला सरकली असेल तरच. मधोमध मज्जारज्जूवर बसली असेल तर ही वाट बंद.

तेव्हा सर्जनला "कुठली चांगली?" असं विचारू नका. "माझ्या मानेला कुठली, आणि दुसरी का नको?" असं विचारा. नुसतं दुखणं असेल तर निवडायला सवड आहे. पण शर्टाची बटणं लागेनाशी झाली, चप्पल पायातून निसटू लागली, चाल डगमगली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जू दबतो आहे असं समजा. मग "चतुर्थी झाल्यावर बघू" म्हणू नका. गणपती दरवर्षी येतात. दबून गेलेला मज्जारज्जू पूर्ववत होईलच असं नाही.