आमरसानंतरचा रिपोर्ट

मिरगाचा पाऊस लागला, हापूस संपला आणि रत्नागिरीत साखर तपासायचे दिवस आले. आमच्या काकूंनी दोन दिवस गोड बंद ठेवून रक्त दिलं. उपाशीपोटीची साखर बरी निघाली. एचबीएवनसी मात्र ७.८. "हे काय गं नवीन?" काकू वैतागल्या.

लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. रक्तात साखर जितकी जास्त, तितकी ती पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते. म्हणून एचबीएवनसीचा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. एप्रिल-मेमधला आमरस त्यात आलाच! ५.७ च्या खाली ठीक, ६.५ किंवा त्यावर मधुमेह.

रिपोर्टातला असाच दुसरा शब्द क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. तो रक्तात वाढला, तर मूत्रपिंडं नीट गाळत नसल्याची शंका घ्यायची. तसंच 'निगेटिव्ह'चं: पावसाळ्यातल्या तापात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) तपासणी 'निगेटिव्ह' आली, तर आजाराची खूण सापडली नाही एवढंच. पहिल्या दिवसांत ती निसटूही शकते. ताप राहिला तर पुन्हा दाखवायचं.

काकूंना सांगितलं तेच इथे लिहिते: डॉक्टरांपुढे नुसती मान डोलावू नका. "म्हणजे काय?" विचारायला वेगळी फी पडत नाही.