चरवीचा आवाज

गायीला पान्हा फुटतो तो मुळात वासरामुळे. वासराने कासेला ढुशी देऊन सड तोंडात धरला, की मेंदूकडे वर्दी जाते, पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरते आणि कासेतले बारीक स्नायू आवळून दूध सडांत येते. हे उपजतच असते. शिकणे त्यानंतर सुरू होते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात एका घरी काबरी नावाची डांगी गाय होती, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली. पहिल्या वेताला वासरू सोडल्याशिवाय ती थेंब देत नसे. पहाटेचा क्रम मात्र कधी चुकला नाही: पडवीत पितळी चरवी विसळायची, आंबोण पुढे ठेवायचे, मग वासरू सोडायचे. महिनाभरात चरवीचे पाणी अंगणात फेकल्याचा आवाज आला, की वासरू दाव्याला असतानाच काबरीचा रवंथ थांबे, कान मागे वळत आणि सडांच्या टोकांवर दूध दिसू लागे.

इव्हान पावलॉव यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक पचनक्रियेवरील संशोधनासाठी मिळाले. त्याच कामात त्यांच्या कुत्र्यांना अन्न तोंडात पडण्याआधीच लाळ सुटू लागली होती. मराठी पाठ्यपुस्तकांत याला अभिसंधान म्हणतात. गोठ्यातला ‘अंगवळणी पडणे’ हा शब्द अधिक नेमका आहे, कारण हे वळण अंगाला लागते. गायीने काही ठरवलेले नसते.

म्हणूनच ‘गाय दूध चोरते’ हा बोल तिच्यावर अन्याय करतो. दुसऱ्या वेतात पायाच्या जखमेसाठी काबरीला चार दिवस ऐन धारेच्या वेळी सुई टोचावी लागली. पाचव्या दिवशी सुई नव्हती. नुसती औषधाच्या पिशवीची चेन वाजली, आणि ती आखडली. कास तट्ट भरलेली, सड कोरडे. भीतीने ॲड्रेनलिन वाढले की पान्हा अडतो. मग चेन रोज वाजवून पुढे फक्त आंबोण ठेवले गेले. दहाएक दिवसांत धास्ती गेली. पण कित्येक महिन्यांनी तीच पिशवी उघडली, तेव्हा ती पुन्हा एकदा दचकली. विझलेले वळण असे अधूनमधून परतते.

तिसऱ्या वेताचे वासरू आठव्या दिवशी दगावले. अशा वेळी वासराच्या कातड्यात भुसा भरून ते गायीपुढे उभे करण्याची जुनी रीत आहे. काबरीला त्याची गरज पडली नाही. पहाटे चरवी विसळली गेली आणि तिला पान्हा फुटला. धार काढताना ती मान वळवून रिकाम्या दाव्याकडे हंबरत होती, आणि दूध येतच होते.

शेवटची तीन वर्षे ती भाकड होती. चरवी मग दुसऱ्या गायीसाठी विसळली जाई. सुरुवातीला काबरीचे कान तेवढे वळत. पुढे कानही वळेनासे झाले.