अलंगहून आणलेलं वॉशिंग मशीन

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांनी नवापूरचं रेल्वे स्टेशन पाहिलंय? मोठं मजेशीर स्टेशन आहे बरं का! अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. फलाटावरून चालता चालता आपण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो. याच नवापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत मी शिकवते. आज तुम्हांला एका प्रवासाची गोष्ट सांगणार आहे. मी आणि माझा भाऊ टेम्पो घेऊन खंबातच्या आखातापलीकडे गेलो होतो. कशासाठी? तर एक जुनं वॉशिंग मशीन आणायला!

हसलात ना? आमच्या शाळेतले गुरुजीसुद्धा हसले होते. पण आधी कारण ऐका.

आमच्या शाळेला लागून मुलींचं वसतिगृह आहे. चाळीस मुली तिथे राहतात. बऱ्याच जणींचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला सुरत-बारडोलीकडे जातात, ते उन्हाळ्यातच परततात. २०२१ च्या डिसेंबरात वसतिगृहात खरजेची साथ आली. मुली रात्रभर अंग खाजवायच्या आणि दिवसा वर्गात पेंगायच्या. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, "सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. आणि चादरी, कपडे गरम पाण्यात धुवायचे, नाहीतर खरूज परत येईल." खरजेचा किडा इतका बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. माणसाच्या अंगावरून उतरला तरी दोन-तीन दिवस तो चादरीत जगू शकतो. पण ६० अंशांच्या पाण्यात त्याचा निभाव लागत नाही.

आता चाळीस मुलींच्या चादरींना पाणी तापवायचं म्हणजे काय काम! चुलीवर हंडे चढले. तिसऱ्या दिवशी उकळता हंडा उतरवताना स्वयंपाकाच्या मावशींच्या पायावर पाणी सांडलं. महिनाभर त्या लंगडत होत्या. तेव्हाच मी ठरवलं, की पुढचा हिवाळा यायच्या आत स्वतः पाणी तापवणारं मशीन मिळवायचं. नव्याची किंमत ऐकून गप्प बसले. मग टेम्पो चालवणारा माझा भाऊ म्हणाला, "ताई, अलंगला चल. तिथे जहाजांवरचं जुनं सामान मिळतं."

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही निघालो. सुरतेजवळच्या हजिऱ्याहून घोघ्याला मोठी फेरीबोट जाते. टेम्पोसकट आम्ही तिच्या पोटात शिरलो. रस्त्याने आखाताला वळसा घालून साडेतीनशे किलोमीटरांहून जास्त अंतर पडलं असतं. बोटीने चार तासांत पलीकडे!

घोघ्याहून पुढे त्रापज नावाचं गाव लागतं. तिथून अलंगचा रस्ता फुटतो. मुलांनो, असा बाजार मी जन्मात पाहिला नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं, आणि सगळा माल जहाजांवरचा. पलंग, गाद्या, आरसे, कपबश्या, पन्नास माणसांचा भात शिजेल अशी पातेली, नारिंगी रंगाची लाइफ जॅकेटं; एका अंगणात तर अख्खी जीवरक्षक होडी!

हे सगळं इथेच का येतं? खंबातच्या आखातात भरती-ओहोटी फार मोठी असते. उधाणाच्या दिवशी पाणी १० मीटरांच्या आसपास, म्हणजे तीन मजली घराइतकं चढतं आणि उतरतं. म्हातारं झालेलं जहाज भरतीच्या वेळी वेगाने किनाऱ्यावर चढवतात. ओहोटी लागली की ते चिखलात रुतून बसतं. मग कामगार गॅस कटरने त्याचे तुकडे पाडतात. १९८३ पासून इथे हे काम चालू आहे. आपल्या नौदलाची 'विराट' ही विमानवाहू नौकासुद्धा २०२० च्या सप्टेंबरात इथेच आली.

जहाजं तोडतात त्या जागी परवानगीशिवाय जाऊ देत नाहीत. लांबूनच एक अर्धवट कापलेलं जहाज दिसलं. त्यावर मुंगीएवढी माणसं आणि ठिणग्या. ओडिशा, बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश अशा लांबच्या मुलखांतून कामगार इथे येतात. वरून पत्रा पडतो, आग लागते. काम मोठं जोखमीचं. ते पाहिल्यावर भाव करताना माझा आवाज जरा खाली आला.

चौथ्या दुकानात आमचं मशीन भेटलं. समोर गोल काचेचं दार, जर्मन बनावट, पाठीमागच्या पट्टीवर साल १९८६. दुकानदारकाका म्हणाले, "बेन, चालेल की नाही ते सांगता येणार नाही. असं आहे तसं न्या." पाण्याचा हीटर शाबूत आहे एवढं भावाने मीटर लावून पाहिलं. सहा हजारांत सौदा ठरला. गोधड्यांत गुंडाळून मशीन टेम्पोत चढवलं. फेरीबोटीवर भाऊ म्हणाला, "बिचारं पुन्हा समुद्रावर आलं बघ!"

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. पाठीमागचं झाकण काढलं, तर आत चक्क सिमेंटचा ठोकळा! मुली म्हणाल्या, "बाई, फसवलं! वजन वाढवायला दगड घातलाय." तसं नाही बरं का. कपडे पिळताना पिंप जोरात फिरतं आणि मशीन नाचायला लागतं. ठोकळ्याच्या वजनाने ते जागेवर राहतं. १९३७ मध्ये अमेरिकेत 'बेंडिक्स' हे घरगुती ऑटोमॅटिक मशीन आलं, तेव्हा ते नाचू नये म्हणून बोल्टने जमिनीला जखडावं लागे!

पिंप हाताने फिरवलं की जात्यासारखी घरघर यायची. बेअरिंगं गेली होती. जर्मनीची बेअरिंगं नवापुरात कुठून आणायची? पण काठावर आकडे कोरलेले होते, ६२०५ आणि ६२०६. ते कागदावर लिहून भाऊ सुरतेला गेला आणि तासाभरात बेअरिंगं घेऊन निघाला. हे आकडे जगभर एकच असतात. यातले शेवटचे दोन अंक घ्या आणि ५ ने गुणा. ०५ गुणिले ५ म्हणजे २५. तेवढे मिलिमीटर त्याच्या भोकाचा व्यास! चौथीच्या मुलींनी पट्टीने मोजून खात्री केली.

दाराचं रबर चिरलं होतं. पंक्चरवाल्या काकांनी त्याला गरम पॅच बसवला. मोटारचे कार्बन झिजले होते. दुसरे मोठे कार्बन आणून कानशीने घासून त्या मापाचे केले. पाणी बाहेर टाकणारा पंप उघडला, तर त्यात अडकलेलं एक नाणं निघालं. फिलिपिन्स देशाचा एक पेसो!

ऑगस्टमध्ये वायरमनदादांनी अर्थिंगसह जाड वायर टाकून दिली. मशीन सुरू झालं. पाणी आलं, पिंप फिरलं, टाळ्या पडल्या. पण लवकरच माझं तोंड उतरलं. झाकणावर गार पाण्याच्या धुलाईला ४० मिनिटं लिहिली होती. भिंतीवरच्या घड्याळात लागली ४८. पुन्हा लावलं, पुन्हा ४८! म्हणजे टायमर बिघडला. कधी पाणी घ्यायचं, कधी फिरायचं, कधी थांबायचं, हे सगळं तोच ठरवतो. बाकी सगळं जुळवता आलं, पण इतका जुना टायमर आणायचा कुठून? शिक्षकांनी काढलेली वर्गणी पाण्यात गेली, असंच वाटलं.

तेव्हा चौथीतली एक मुलगी वही घेऊन आली. तिने प्रत्येक टप्प्याची वेळ टिपली होती. "बाई, ५ मिनिटांच्या कामाला ६ लागतात, १० च्या कामाला १२. सगळीकडे तसंच. बिघडलं असतं तर कुठे कमी, कुठे जास्त झालं नसतं का?"

मी ती वही वायरमनदादांना दाखवली. त्यांनी मशीनच्या पाठीमागची पट्टी वाचली आणि हसले. तिथे लिहिलं होतं ६० हर्ट्‌झ. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. पुष्कळशा जहाजांवर ती ६० वेळा होते. टायमरमधली चिमुकली मोटार विजेचे हे हेलकावे मोजूनच वेळ काढते. जहाजावर सेकंदाला ६० मिळायचे, इथे ५० मिळतात. मग उशीर होणारच! ४० ला ६ ने गुणा आणि ५ ने भागा. आले ना ४८?

मशीन बिघडलं नव्हतंच. ते अजून समुद्रावरच्या हिशेबाने चालत होतं.

एका वेळी चार चादरी, म्हणजे चाळीस मुलींच्या दहा खेपा. दोन दिवस लागतात, पण हंडा चढवावा लागत नाही. त्या हिवाळ्यात दोघींना खरूज झाली, ती मलम आणि गरम धुलाईने तिथेच थांबली. मावशी आता खुर्ची टाकून काचेतून फिरणाऱ्या चादरी बघत बसतात!

आणि ते नाणं? त्यावर होसे रिझाल या फिलिपिन्सच्या थोर देशभक्ताचं चित्र आहे. वर्गातल्या जगाच्या नकाशावर त्या देशापाशी आम्ही ते चिकटवलंय. तिथले पुष्कळ लोक जहाजांवर नोकरी करतात, घरापासून महिनोन्‌महिने लांब. त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी खिशातून ते पडलं असेल. परवा एका मुलीने विचारलं, "बाई, त्यांची मुलं पण वसतिगृहात राहत असतील का?" मला उत्तर देता आलं नाही.

मुलांनो, तुमच्याही माळ्यावर एखादी बंद पडलेली वस्तू असेल. भंगारात देण्याआधी तिच्यावरचे आकडे एकदा वाचा. मात्र प्लग काढलेला हवा आणि शेजारी मोठं माणूस हवं, एवढं विसरू नका हं!