विषाविना विषप्रयोग : लागू खटला आणि ‘पुरेसा पुरावा’

१/ मृतदेहात विष सापडले नाही. आरोपीने विष मिळवले वा दिले, हे कोणी पाहिले नव्हते. तरीही १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. अनंत चिंतामण लागू यांची फाशीची शिक्षा कायम केली. तिघा न्यायमूर्तींपैकी दोघांना पुरावा पुरेसा वाटला, एकाला वाटला नाही. आजचा धागा त्या एका मताविषयी आणि ते वाचून माझी जी पंचाईत झाली तिच्याविषयी.

२/ लक्ष्मीबाई कर्वे या पुण्याच्या शुक्रवार पेठेतील सधन विधवा. पतीचे निधन १९४५ साली झाले. डॉ. लागू त्यांच्याच वाड्यातील भाडेकरू, घरचे डॉक्टर आणि विश्वासातील माणूस. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री दहाच्या पॅसेंजरने दोघे मुंबईस निघाले. लक्ष्मीबाईंना तेथे तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवायचे होते. पहाटे गाडी बोरीबंदरला पोहोचली तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. गोकुळदास तेजपाल रुग्णालयात त्याच दिवशी साडेअकराला त्यांचा मृत्यू झाला. त्या शुद्धीवर आल्याच नाहीत.

३/ रुग्णालयात त्यांचे नाव ‘इंदुमती पाँशे’ असे नोंदवले गेले. मृतदेह नेण्यास कोणी आले नाही. शवविच्छेदन थेट २३ नोव्हेंबरला झाले आणि मधुमेहातील बेशुद्धी हे मृत्यूचे कारण लिहिले गेले. रासायनिक तपासणीत विष आढळले नाही. इकडे आप्तांना लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रे येऊ लागली : मी पुनर्विवाह केला आहे, दूर गावी सुखात आहे. मृत स्त्री पत्रांतून जिवंत राहिली आणि तिची मालमत्ता हळूहळू डॉक्टरांकडे गेली. अटक झाली ती १९५८ मध्ये.

४/ बहुमताचा निकाल न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिला. विषप्रयोगाच्या खटल्यात सामान्यतः तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात : मृत्यू विषानेच झाला, आरोपीजवळ ते विष होते आणि ते देण्याची संधी त्याला होती. परंतु या गोष्टी परिस्थितीवरूनही सिद्ध होऊ शकतात, असे निकाल सांगतो. काही विषे मागे खूण ठेवत नाहीत, मृतदेह कुजल्यावर तर शोध आणखी अवघड होतो. रासायनिक पुरावा अनिवार्य मानला, तर जाणकार विषप्रयोगी नेहमीच सुटेल. मधुमेहातील बेशुद्धीचे निदानही बहुमताने वैद्यकीय साक्षींच्या आधारे फेटाळले.

५/ न्या. सरकार यांनी मात्र भिन्न मत नोंदवले. मृत्यू विषाने झाला हेच त्यांना निःसंशय सिद्ध झालेले दिसले नाही. नंतरची लबाडी उघड होती, पण लबाडीने लोभ सिद्ध होतो. मृत्यू नैसर्गिक असता आणि लोभी माणसाने ती संधी साधली असती, तरीही पत्रे खोटीच लिहिली गेली असती आणि मालमत्ताही अशीच लाटली गेली असती.

६/ मी हा निकाल प्रथम वाचला तेव्हा भिन्न मत मला केवळ तांत्रिक वाटले. विभागातील चर्चासत्रात मी ठामपणे म्हणाले, “गुन्हा सिद्धच झाला होता.” आमच्या मार्गदर्शक बाईंनी एवढेच विचारले, “मृत्यूपूर्वीच्या कोणत्या घटनेवरून?” त्या रात्री वहीत दोन रकाने आखले : मृत्यूपूर्वी आणि मृत्यूनंतर. दुसरा रकाना भरून वाहिला. पहिल्यात प्रवास, एकत्र असणे, विश्वास आणि संधी एवढेच उरले. माझी खात्री जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्या रकान्यावर उभी होती.

७/ एक गोष्ट मात्र पहिल्या रकान्यात ठामपणे बसते. ‘इंदुमती पाँशे’ हे नाव नोंदवले गेले तेव्हा लक्ष्मीबाई जिवंत होत्या. मृत्यूनंतर सुचलेला लोभ या नोंदीचा खुलासा करू शकत नाही. पण येथेही पेच आहे. इंदुमती पोंक्षे हे त्यांचे माहेरचे नाव. म्हणजे नाव सर्वस्वी बनावट नव्हते. तरीही ३० वर्षांहून अधिक काळ कर्वे म्हणून वावरलेल्या स्त्रीचे नाव तिचा घरचा डॉक्टर असे का सांगेल? मला याचे निरपराध उत्तर सापडलेले नाही. परंतु उत्तर न सापडणे म्हणजे विष सापडणे नव्हे.

८/ या निकालाशेजारी पुण्याचाच दुसरा खटला ठेवून पाहा : शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. तेथे मृत्यू सायनाइडने झाला यात वाद नव्हता. तरी सर्वोच्च न्यायालयाने आरोपीस निर्दोष सोडले, कारण आत्महत्येची शक्यता नाकारता येत नव्हती. न्या. फझल अली यांनी परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे तेथेच मांडली, त्यांना आज ‘पंचशील’ म्हणतात. त्यांचे सार असे : प्रत्येक दुवा पूर्णपणे सिद्ध हवा आणि सारी साखळी मिळून आरोपीच्या अपराधाखेरीज दुसरी कोणतीही शक्यता उरू नये. म्हणजे विष सापडले तेथे सुटका आणि सापडले नाही तेथे फाशी. यात विसंगती नाही. प्रश्न विषाचा नसून उरलेल्या शक्यतेचा आहे.

९/ आपण इतिहासाचे विद्यार्थी ‘बहुधा’वर जगतो. बखर, पत्र, शिलालेख पारखून सर्वांत संभाव्य कथा निवडतो आणि नवे कागद मिळाले तर ती बदलतो. न्यायाधीशाला तो ‘बहुधा’ वापरता येत नाही, कारण फाशीनंतर मिळालेल्या कागदाचा आरोपीला काही उपयोग नसतो.

१०/ मग माझे मत? इतिहास लिहायचा झाला तर मी लिहीन : लक्ष्मीबाईंचा खून बहुधा लागूंनीच केला. पण त्या निकालपत्रावर माझी सही मागितली असती, तर ‘बहुधा’ खोडून ‘निःसंशय’ लिहिणे मला जमले नसते. याची दुसरी बाजूही जाणते. माझ्यासारख्या साशंकांमुळे एखाद्या लक्ष्मीबाईंना न्याय मिळणार नाही. त्यांच्या मृत्यूचा शोध इतक्या उशिरा लागला, ही गोष्ट आजही अस्वस्थ करते.

११/ दोन्ही मते मुळातून वाचा. आधी भिन्न मत, मग बहुमत, या क्रमाने. मी उलट क्रमाने वाचली होती. तुमचे दोन रकाने कसे भरतात, ते जरूर कळवा.