आमगावचे शाश्वत वैरी

गोंदिया सोडून हावड्याच्या दिशेने निघालेली प्रवासी गाडी थोड्याच वेळात आमगाव स्थानकात येऊन उभी राहते. महाराष्ट्राचा हा अगदी ईशान्येकडील कोपरा. लांजीच्या वाटेने उत्तरेकडे गेले की मध्य प्रदेश लागतो, आणि रुळांच्या वाटेने सालेकसा, दरेकसा मागे टाकले की छत्तीसगड. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपुरासह मध्य प्रदेशात होता. नंतर तो भंडारा जिल्ह्यासह मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात गणला गेला, आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया हा जिल्हाच निराळा झाला. सीमा अशा इकडेतिकडे सरकल्या, तरी माणसे जेथल्या तेथेच राहिली. येथील बाजारात मराठी, पोवारी, हिंदी आणि छत्तीसगढी एकाच ओट्यावर ऐकू येतात, आणि कोणाचे कोणावाचून अडत नाही असे मात्र नाही. सर्वांचेच सर्वांवाचून अडते.

गेल्या पौषात आम्ही आमगावास गेलो, ते पद्मपूर पाहावे म्हणून. महाकवी भवभूतीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत दक्षिणापथातील पद्मपूर नगराचा आणि तेथील काश्यपगोत्री, तैत्तिरीय शाखेच्या आपल्या घराण्याचा उल्लेख केला आहे. ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर होय, असे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी प्रतिपादन केले. गावातील महाविद्यालयासही भवभूतीचेच नाव आहे. ज्याची नाटके आयुष्यभर शिकविली, त्याच्या गावची माती एकदा पायाखाली यावी, एवढीच आमची इच्छा होती.

उतरलो होतो आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी. घर जुने, पुढे ऐसपैस सपरी, मागे धानाच्या ढोल्या. हा सारा धानाचाच प्रदेश. कापणी झाली की बांध्यांमध्ये पुंजणे रचलेले दिसतात, आणि धान घरी येऊन पडले की त्यामागोमाग उंदीरही येतात. म्हणून ढोल्यांसाठी मांजर आणि खळ्यासाठी कुत्रा, ही दोन्ही जनावरे येथे शोभेची नव्हेत, कामाची. या घरीही ती होती. कुत्र्याचे नाव मोत्या, मांजरीचे मनी.

पहिल्याच पहाटे आम्ही पाहिले ते असे. थंडी कडाक्याची होती. मोत्या सपरीच्या कोपऱ्यात पोत्यावर अंगाची वेटोळी करून पडला होता, आणि त्याच्या पोटाच्या उबेत मनी गाढ झोपली होती. सकाळी पेजेचे भांडे ठेवले तेव्हा मोत्या दोन पावले मागे सरून उभा राहिला. मनीचे झाल्यावर पुढे झाला. यजमानांची गृहिणी म्हणाली, "गुरुजी, हे रोजचंच आहे." पण याहून नवल पुढेच होते. दुपारी शेजारचा एक बोका कुंपणावर आला, तेव्हा याच मोत्याने त्याला असे पिटाळले की तो थेट कडुनिंबाच्या शेंड्यावर गेला! म्हणजे मार्जारजातीशी असलेले वैर मोत्या विसरला नव्हता. त्याने केवळ एकीला त्यातून वगळले होते.

आमच्यासारख्या व्याकरण घोकलेल्या माणसास येथे पाणिनी आठवल्याशिवाय कसा राहील? ज्यांचा विरोध कायमचा, अशा प्राण्यांच्या नावांचा द्वंद्व समास एकवचनी करावा, असा त्याचा नियम आहे. अहिनकुल आणि मार्जारमूषक ही त्याची नित्याची उदाहरणे. मुलांना हा नियम सांगताना आम्हांस नेहमी गंमत वाटे, की मित्रांस नव्हे तर हाडवैऱ्यांस वैयाकरणांनी एकत्र बांधून एक केले! कुत्र्यामांजरांचे वैरही आपल्या बोलीत असेच नित्याचे झाले आहे. परंतु नियम सांगतो तो जातीविषयी. सपरीत झोपलेल्या दोघांविषयी तो काय सांगणार?

मग अशा मैत्रीचे मूळ कोठे? महाभारताच्या शांतिपर्वात भीष्मांनी युधिष्ठिरास पलित नावाच्या उंदराची आणि लोमश नावाच्या मांजराची कथा सांगितली आहे. मांजर पारध्याच्या जाळ्यात सापडले, आणि उंदरावर एकीकडून मुंगूस व दुसरीकडून घुबड टपलेले. तेव्हा उंदीर मांजराच्या कुशीत शिरून वाचला, आणि पारधी अगदी जवळ आल्यावर त्याने जाळे कुरतडून मांजरास सोडविले. पुढे मांजराने स्नेहाची गळ घातली, तेव्हा शहाण्या उंदराने बिळातूनच उत्तर दिले, की आपली मैत्री कामापुरती होती. काम सरले, ती सरली. राजनीतीस हा धडा ठीक आहे. परंतु मोत्याचे मनीपाशी कोणते काम अडले होते?

यजमानांनी सांगितलेली हकीकत अधिक उपयोगाची वाटली. दोघेही एकाच पावसाळ्यात, डोळे उघडून थोडेच दिवस झालेले असताना, या घरी आले आणि एकाच टोपलीत वाढले. आधुनिक शास्त्राचेही म्हणणे असेच आहे. पिलांच्या आयुष्यातील आरंभीचे काही आठवडे असे असतात, की त्या काळात जो सहवास घडेल तो त्यांस आपला वाटतो. इस्रायलमधील तेल अवीव विद्यापीठाच्या दोघा अभ्यासकांनी कुत्रा व मांजर एकत्र नांदणाऱ्या घरांची पाहणी करून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे दोनतृतीयांश घरांत त्यांना सलोखा आढळला. उघड वैर थोड्याच घरांत होते. मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा वर्षाच्या आत घरात आला, तर मैत्री जमण्याचा संभव अधिक. विशेष हे, की दोघे एकमेकांची भाषा शिकतात. कुत्रा शेपूट हलवितो तो आनंदाने, मांजर शेपूट आपटते ते रागाने. तरीही सहवासाने हा अर्थभेद त्यांस उमजू लागतो, आणि कुत्रा मांजराच्या रीतीने नाकास नाक लावून भेटू लागतो.

याच झाडीपट्टीच्या दक्षिणेस, भामरागडच्या रानातील हेमलकसा येथे तर याहून मोठा दाखला आहे. लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे यांनी अनाथ वन्य पिले सांभाळली, आणि कुत्री हे ज्याचे आवडते भक्ष्य, तो बिबट्याही तेथे कुत्र्यांच्या संगतीत वाढला. विलास मनोहर यांचे 'नेगल' हे पुस्तक अशाच एका बिबट्याच्या नावाचे आहे.

आमच्या यजमानांपुढे मात्र त्या दिवसांत एक निराळाच पेच होता. मुलगा पुण्यास नोकरीला; होळीनंतर या दोघा नवराबायकोंनी कायमचे त्याच्याकडे जायचे ठरले होते. तिसऱ्या मजल्यावरील त्या घरात मांजर नेता आले असते, कुत्रा नव्हे. मनीवर गृहिणीचा फार जीव. म्हणून मोत्याला, शेत बटईने करणाऱ्या एका पोवार कुटुंबाकडे द्यायचे आणि मनीला बरोबर न्यायचे, असा बेत होता. मोत्याची सवय व्हावी म्हणून त्याला आम्ही असतानाच शेतावरच्या घरी नेऊन बांधले.

मनीने त्या रात्री पोत्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. ती मागच्या भिंतीवर, शेताच्या अंगास तोंड करून बसली. दुसऱ्या दिवशीही पेज तशीच राहिली. तिसऱ्या रात्री गळ्यात तुटलेल्या दोरीचा तुकडा घेऊन, चिखलाने माखलेला मोत्या बांध्या तुडवीत सपरीत येऊन उभा राहिला. मनी भिंतीवरून उतरली. नाकास नाक लागले, आणि मग दोघांनी मिळून भांडे स्वच्छ केले.

यजमानांनी आम्हांस विचारले, "गुरुजी, आता काय करावं?" आम्ही उत्तर देण्यापूर्वीच गृहिणी बोलली, "दोघांनाही शेतावर देऊ. मला तिथं करमायचं नाही, पण तिला तरी करमू दे." एवढे बोलून ती आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पोवार कुटुंबाने दोघांस आनंदाने ठेवून घेतले. शेवटी त्यांच्याही ढोल्यांना मांजर हवेच होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पदमपुरास गेलो. प्रीती बाह्य कारणांवर अवलंबून नसते, जिवांना जोडणारे कारण कोठेतरी आत असते, हा विचार भवभूतीस इतका प्रिय, की त्याने तोच श्लोक मालतीमाधवात व उत्तररामचरितात, दोन्हीकडे घातला आहे. उत्तररामचरितात तो रामाच्या तोंडी आहे. समोर उभा असलेला लव आपलाच पुत्र आहे हे त्यास ठाऊक नाही, तरी मन ओढ घेते. हा श्लोक आम्ही वर्षानुवर्षे अन्वयासह शिकविला. त्या गावच्या वाटेवर चालताना मनात मात्र ती माउली होती. पलिताची मैत्री काम सरले की सरते. हिने आपले सुख बाजूस ठेवले, ते दुसऱ्या दोघांच्या मैत्रीसाठी. जनावरांच्या प्रेमाचे कारण शास्त्रज्ञ शोधीत आहेत, त्यांनी अवश्य शोधावे. हे दुसरे कारण मात्र भवभूती म्हणतो तसे आतलेच आहे, आणि त्याच्या गावच्या मातीत ते अजून टिकून आहे, हे पाहून आम्ही समाधानाने परतीची गाडी धरली.